गाठीवरून घर

दळणाची पिशवी पुढ्यात आली की वजीरचाचा आधी डोळे मिटायचे. मग दोन्ही अंगठे पिशवीच्या तोंडाशी नेऊन तिथली गाठ चाचपायचे, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे, आणि म्हणायचे, "हे घर पांडू पाटलाचं." पिशवी आणणारा गडी असो, सून असो की शेजारची म्हातारी असो, आणणाऱ्याच्या तोंडाकडे ते बघतच नसत. घर ओळखून झालं की मग डोळे उघडायचे आणि विचारायचे, "पाटलीणबाईचा खोकला कसा हाये? ज्वारी बारीक काढू का जराशी?" पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा म्हातारा नाटकी आहे असं माझं मत झालं. माझी मतं तेव्हा फार लवकर होत असत.

मुलींच्या शाळेची मास्तरीण म्हणून मी त्या कसब्यात आले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. माहेर नाशिककडचं. अकराव्या वर्षी लग्न आणि बाराव्या वर्षी त्या लग्नाचा निकाल, एवढ्यात माझं अर्धं चरित्र आटपतं. उरलेलं सगळं शिकणं आणि शिकवणं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. नागपूरला हुकूम निघायचा, बुलढाण्याला त्याच्यावर शिक्का बसायचा, मग तो मलकापूरला आगगाडीतून उतरायचा आणि बैलांच्या दमणीत बसून अर्ध्या दिवसानं आमच्या कसब्यात पोचायचा. मीही त्याच वाटेनं पोचले, आणि हुकमासारखीच, कुणी फारशी वाट बघत नसताना.

कसबा जुना, परकोटाचा. कुण्या बादशहाच्या काळात डोंगरातल्या बंधाऱ्यापासून दगडात बांधून आणलेली एक नहर परकोटाखालून गावात शिरायची. मशिदीचा हौद, बाजारातलं टाकं असं करत ती गावाच्या खालच्या अंगाला यायची आणि तिथं पुरुषभर उंचीवरून एका आडव्या लाकडी चाकावर कोसळायची. चाकाचा कणा वरच्या खोलीत निघाला होता आणि त्या कण्यावर दळणाचा दगड फिरायचा. हीच पाणचक्की. पाणी पुढे बागांना जायचं आणि पीठ घरोघर. माझी खोली नहरेच्या पलीकडच्या काठावर, चक्कीच्या अगदी समोर होती. दिवसभराच्या घरघरीमुळे ती कुणी भाड्यानं घेत नसे, म्हणून ती मला मिळाली. मला ती घरघर बरी वाटायची. तिच्यामुळे खोलीत आणखी कुणीतरी आहे असं वाटायचं.

पहिल्याच आठवड्यात मी अर्धी पायली ज्वारी घेऊन चक्कीवर गेले. पिशवीला सुतळी गुंडाळून तिच्यात चिठ्ठी खोचली होती. सुवाच्य अक्षरात माझं नाव, माझा हुद्दा आणि खाली 'ज्वारी'. चाचांनी डोळे मिटले, अंगठे फिरवले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. चिठ्ठी उपसून त्यांनी माझ्या हातात दिली.

"हा कागद मले दिसत नाई अन् बोलतबी नाई, बाई. गाठ मारा."

मी गाठ मारली. त्यांनी ती चाचपली.

"हे त कोणाचीबी हाये. तुमच्या घरची मारा ना."

"मला घर नाही," मी म्हटलं. मी तेव्हा फटकळ होते आणि फटकळपणानंच बोलले, पण बोलल्यावर ते वाक्य माझं मलाच ऐकू आलं.  चाचांनी पिशवी आपल्या गुडघ्याशी ओढून घेतली. "राहू द्या अठीच. तुमचं सगळ्यात शेवटी दळतो, म्हंजे कोणाच्यात मिसळायचं नाई."

पुढे मला उलगडा होत गेला. त्या कसब्यात घरटी एक गाठ होती. दळणाच्या पिशवीचं तोंड ज्या त्या घरानं आपल्याच गाठीनं बांधायचं, म्हणजे पन्नास पिशव्या एकीवर एक पडल्या तरी घोटाळा नाही. नव्या सुनेचे पहिले काही दिवस सासरची गाठ शिकण्यात जायचे. भाऊ वेगळे झाले की थोरल्याकडे जुनी गाठ राहायची आणि धाकटा चक्कीवर यायचा. चाचा त्याला त्याच गाठीला एक पीळ वाढवून नवी बांधून द्यायचे. ती हातात पडली की तो वेगळा झाला, मग भांडण कितीही चालू असो. चक्कीच्या उगवतीच्या भिंतीला लाकडी खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीवर अंबाडीची वीतभर दोरी, एकेका घराची गाठ मारलेली. समोरच्या, पाण्याकडच्या भिंतीलाही खुंट्या होत्या. तिथल्या दोऱ्यांना मात्र गाठी नव्हत्या. त्या सरळ लोंबत असायच्या. त्या मी कोऱ्या, शिलकी दोऱ्या समजले. एकदा माझं बोचकं सुटलं म्हणून त्यांतली एक घ्यायला हात घातला, तर चाचा घाईनं उठले. "थे नका घेऊ, बाई," म्हणाले आणि स्वतःच्या डोक्याच्या रुमालाची किनार फाडून मला दिली. का नको, हे मी विचारलं नाही. मला शिकवायची सवय होती, विचारायची नव्हती.

पंधरा दिवसांनी त्यांनी नहरेपलीकडून हाक मारून मला बोलावलं आणि एक दोरी हातात ठेवली.

"हे घ्या. तुमचं घर."

एकच पदर होता. तो स्वतःभोवती फिरून स्वतःतूनच बाहेर आला होता. "दुसरा पदर नाई म्हणून ढिली नाई बरं का हे," ते म्हणाले. "ओढसान तितकी घट्ट होते." ती गाठ शिकायला मला तीन संध्याकाळी लागल्या. सकाळी तीस मुली माझ्यापुढे बाराखडी गिरवायच्या आणि संध्याकाळी मी, अक्षरशत्रू म्हाताऱ्यापुढे बसून, माझ्याच घराची गाठ गिरवायची. पुन्हापुन्हा चुकायचे. "उलटा फिरला पदर. पुन्ना." असं ते म्हणायचे, आणि मी मुलींना म्हणते त्याच्या निम्म्या रागानंही म्हणत नसत. चौथ्या दिवशी माझी पिशवी त्यांच्या पुढ्यात गेली. त्यांनी डोळे मिटले, चाचपली, आणि म्हणाले, "हे घर मास्तरीणबाईचं." मी खोलीवर आले आणि पुष्कळ रडले.

त्यांचं बोलणं थोडं. पण बसलेला माणूस उठणार नाही इतपत मधूनमधून ते बोलत राहायचे. दळणाला उशीर झाला म्हणून कुणी कुरकुरलं की म्हणायचे, "पाण्याले घाई नसते बावा. घाई तुले हाये." आणि दोन दळणांच्या मध्ये ते लगोलग फळी टाकून पाणी अडवायचे. क्षणभरही दगड रिकामा फिरू द्यायचे नाहीत. "दगड उपाशी फिरवू नाई. दाणा नाई भेटला त थो स्वताले दळते." त्याची वाळू मग पिठात येते, हे त्यातलं व्यवहाराचं. त्यापुढचं माझं मी समजून घेतलं होतं. सुटीच्या दिवशी शाळा नसली की मला ते वाक्य आठवायचं.

गाठीवरून त्यांना नुसतं घर कळायचं असं नाही. बांधणाऱ्याच्या मनातलंही कळायचं. देशमुखांच्या घरची पिशवी एकदा आली ती मी तिथं बसलेली असताना. चाचांनी गाठ चाचपली, थांबले, परत चाचपली. घर देशमुखांचं नव्हतंच. गाठ वरच्या आळीतल्या सोनाराची होती. देशमुखांची नवी सून त्या सोनाराच्या शेजारची, त्यांच्याच घरात खेळत, त्यांची दळणं बांधत वाढलेली. पिशवी बांधताना हात आपला जुन्या वाटेनं गेला होता. दळण झाल्यावर चाचांनी पिशवीला निमूटपणे देशमुखांची गाठ मारली आणि गड्याच्या डोक्यावर दिली. मी नुसतं बघितलं तर म्हणाले, "आठोन आली असंन पोरीले. सासूले कायले कळवा?"

दळणाची मजुरी म्हणून ते प्रत्येक पिशवीतून एक मूठ पीठ काढून मडक्यात टाकायचे. त्यांचं पोट त्यावरच. ज्वारी, बाजरी, गहू, कळण्याचं, कुणाचं हरभऱ्याचं, सगळं एकाच मडक्यात, त्यामुळे त्यांची भाकर कधी करडी व्हायची, कधी पिवळी. बायको जाऊन वर्षं लोटली होती. थापायचे ते स्वतःच. एकदा मला तुकडा दिला. चव काही वाईट नव्हती, पण कसली आहे ते सांगता येईना. ते हसले. "साऱ्या गावची चव हाये माह्या भाकरीत. निस्ती माह्या घरची नाई." मीही हसले. चक्कीवाल्याच्या घराला गाठ नसते, हे मला तेव्हा ठाऊक होतं. पिशवीच आणायची नाही तर गाठ कशाला? आज्यापणज्यापासून असंच चालत आलेलं होतं.

त्या हसण्यामागे काय होतं ते मला तिसऱ्या उन्हाळ्यात कळलं. चैत्रात नहर आटली की चक्की बंद राहायची. चाचा मग झिजलेल्या दगडाला टाकी लावून खरबरीत करून घ्यायचे आणि उरलेला दिवस अंबाडी वळत बसायचे. मी शाळा सुटल्यावर जाऊन बसायचे. त्यांच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता. माझ्याकडे बघताना ते माझ्या कानाच्या जरा पलीकडे बघत. बाजारात तेलाच्या इंजिनावरची चक्की लागणार अशी बोलवा होती. मी त्याबद्दल काहीतरी बोलत होते. त्यांनी मध्येच विचारलं, "बाई, खामगावले डाक जाते ना?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांना एकच मुलगा, याकूब. या चक्कीतच वाढलेला. त्याचं लग्न झालं आणि त्यानं खामगावच्या एका जिनात सरकी काढायच्या यंत्रावर काम धरलं. निघायच्या दिवशी, गावातला कुणीही वेगळा होणारा मुलगा यायचा तसा, तो बापापुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, अब्बा, माझ्या घराची गाठ द्या. चाचा पिशव्या लावत होते. ते हसून म्हणाले, "चक्कीवाल्याच्या पोट्ट्याले कायची गाठ बे?" चार लोक बसलेले होते, तेही हसले.

"थो म्हने, साऱ्या गावाले घर देलं तुमी, मलेच नाई देलं. अन् गेला." चाचांच्या हातातली अंबाडी थांबली होती. "मस्करीत म्हन्लं मी, बाई. खरंच मस्करीत. बारा वर्सं झाली. ईदले वाट पाह्यतो, नाई येत. आता दिसत नाई मले. उद्या हातबी जातीन."

हे सांगून त्यांनी कमरेच्या कनवटीतून एक दोरी काढली. दोन पदरांची गाठ होती. एक पदर मुठीसारखा आवळलेला आणि दुसरा त्याच्या पोटातून जाऊन बाहेर निघालेला. अशी गाठ मी भिंतीवर पाहिली नव्हती. "हे याकूबचं घर," ते म्हणाले. "पोचवता का? एवढं त्याच्या हातात पडलं म्हंजे झालं. मंग यावं, नाई यावं."

मी म्हटलं, त्यात काय मोठंसं. डाक होती, पाकीट होतं, माझं अक्षर होतं. त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत बसून मी चार पानी पत्र लिहिलं. बापाचं मन, लेकाचं कर्तव्य, सगळं त्यात आणलं. दोरी आत घातली तर पाकीट फुगलं. डाकघरातल्या मास्तरांनी त्यावर अंगठा दाबून पाहिला. "बाई, शिक्का मारताना हे गठूळ फाटेल. मग वाटेत दोरीही गेली अन् पत्रही." म्हणणं बरोबर होतं. मी तिथंच खिडकीशी उभी राहून नखांनी ती गाठ सोडली. पत्रात एक कागद वाढवला आणि त्यावर गाठीच्या तीन आकृत्या काढल्या. पहिली कृती, दुसरी कृती, तिसरी कृती, बाणांसकट. चित्रकलेच्या तासाला मुलींपुढे धरावी अशी आकृती साधली होती. दोरी सरळ करून पत्राच्या घडीवर ठेवली, पाकीट सपाट झालं, आणि मला माझंच कौतुक वाटलं. चाचांना सांगितलं, आठ दिवसांत पोचेल. गाठ सोडल्याचं सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच मला कळलं नव्हतं.

पाऊस झाला, नहर वाहू लागली, चक्की फिरू लागली. रोज संध्याकाळी मी दिसले की चाचा विचारायचे, "डाक आली?" मी म्हणायचे, येईल. महिना गेला, दुसरा गेला. मग ते विचारायचे बंद झाले. माझी पावलं वाजली की नुसती मान वर करायचे, आणि मी काही बोलले नाही की परत खाली घालायचे. ते मला जास्त जड जायचं.

त्याच सुमारास साळ्यांची गोदाबाई वारली. तिच्या घरात मागे कुणी नव्हतं. तिचा दहावा झाल्यावर चाचांनी उगवतीच्या भिंतीवरची तिची दोरी काढली. मी समोर बसले होते. त्यांनी गाठ हळूहळू सोडली, दोरी नहरेत भिजवली, तिचा पीळ चिमटीनं काढून ती सरळ केली आणि पाण्याकडच्या भिंतीवर रिकाम्या खुंटीला लावली.

"हे काय करता, चाचा?" मी विचारलं. हा प्रश्न मी तीन वर्षं उशिरा विचारत होते.

"गोदीचं घर संपलं ना. गाठ सोडली तिची." ते खुंटीवरून हात काढेनात. "सरळ दोरी म्हंजे आता या घराशी आपलं काई राह्यलं नाई. थे त अठीचं पोट्टंबी समजते."

मी त्या भिंतीकडे बघितलं. तापाच्या साथीत गेलेली घरं, गाव सोडून गेलेली घरं, निपुत्रिकांची घरं. भिंतभर सरळ दोऱ्या होत्या आणि मी त्यांना शिलकी समजत आले होते.  याकूब याच चक्कीत वाढला होता. बापाच्या हातची वळलेली अंबाडी त्यानं लगेच ओळखली असणार. आणि मी ती त्याला सरळ करून पाठवली होती.

आठ दिवस मी गप्प राहिले. नहरेच्या काठी जाणंच टाळलं. डोकं दुखतं म्हणून सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. त्या गावात मला ओळखणारा एकच माणूस होता आणि तो मी गमावणार होते. रविवारी सकाळी मी गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. पाकीट, गठूळ, माझी नखं, माझ्या तीन आकृत्या.

चाचांनी हात लांबवून फळी टाकली. कुणाचं तरी दळण दगडात अर्धं होतं. अर्ध्या दळणात त्यांनी पाणी तोडलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. दगड थांबला, आणि अडवलेलं पाणी काठावरून बाजूला सांडत असलेलं ऐकू येऊ लागलं.  मी निघावं की थांबावं, मला कळेना.

"तुमी एक डाव सोडली, बाई," शेवटी ते म्हणाले. "मी त बारा वर्सं बांधलीच नाई."

मग त्यांनी अंबाडी मागितली. माझ्यासमोर दोरी वळली, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा गाठ बसली. ती माझ्या तळव्यावर ठेवून त्यांनी माझी बोटं मिटवली. "आता डाकेनं नको," म्हणाले.

पुढच्या सुटीला मी निघाले. मलकापूरपर्यंत दमणी, मलकापूरहून गाडी, जलंबला उतरून खामगावची गाडी. एकटी बाई पाहून लोक विचारायचे, कोण वारलं, कुठं निघालात? मी उत्तर द्यायची नाही. दोरी पिशवीत ठेवायचाही मला धीर नव्हता. मूठ मिटलेली ती खामगावला जिनाच्या मागच्या वस्तीत उघडली. हवेत कापूस उडत होता. याकूब चाळिशीचा माणूस, दाढीत कापसाचे धागे, बापासारखंच मोठं कपाळ. मी चक्कीच्या गावाहून आले म्हटल्यावर त्याचा चेहरा बंद झाला. मला बसाही म्हणाला नाही.

"आता काय राह्यलं? दोरी पोचली आमाले."

त्याच्या बायकोनं आतून पत्र्याचा डबा आणला. तिनंच ते जपून ठेवलं होतं. आत ती सरळ दोरी आणि तिच्याखाली माझं चार पानी पत्र, घडीसुद्धा न मोडलेलं.

"अहो, कागद कुणाकडून वाचून तरी घ्यायचा," मी म्हटलं.

"कागद काय सांगंन?" तो म्हणाला. "दोरीनं सांगतलं होतं."

माझ्या सुवाच्य अक्षराची किंमत मला त्या दिवशी कळली. पुढे काही समजावण्यात अर्थ नव्हता. मी मूठ उघडली आणि गाठ त्याच्या हातावर ठेवली. त्यानं तिच्याकडे बघितलं. मग त्यानं डोळे मिटले. दोन्ही अंगठे त्या गाठीवरून फिरू लागले, अगदी तसेच. त्याला कुणी शिकवलं नसणार. लहानपणापासून बघितलेलं हातात उतरलं होतं. मला तिकडे बघवेना.

"हे कोणाचं घर?" त्यानं विचारलं.

"तुमचं. तुमच्या अब्बांनी बांधलं. मधे सोडलं होतं ते मी, चुकून. त्यांनी नाही."

तो डोळे मिटूनच उभा राहिला. मग बायकोला म्हणाला, "ज्वारी किती हाये घरात?"

ते दोघं शुक्रवारी आले. याकूबच्या खांद्यावर ज्वारीची पिशवी होती. चक्कीत इतर चारपाच जण होते, त्यांनी सरकून वाट दिली. त्यानं पिशवी बापाच्या पुढ्यात ठेवली. चाचांना दिसत नव्हतंच, तरी त्यांनी नेहमीसारखे डोळे मिटले. अंगठे गाठीवर गेले आणि तिथंच राहिले.

"हे घर..." म्हणाले आणि थांबले. परत पहिल्यापासून चाचपली. "हे घर याकूबचं." मग पाटलाला विचारायचे तसंच विचारलं, "जाडी ठेवू का बारीक काढू?"

"अम्मीले आवडे तशी," याकूब म्हणाला.

चाचांनी फळी उचलली. ते दळण त्यांनी स्वतः बसून, पडणाऱ्या पिठाखाली हात धरून, शेवटच्या दाण्यापर्यंत दळलं आणि त्यातून मूठ काढली नाही. सुनेनं तिथंच चुलीवर भाकरी थापल्या. मला अर्धी दिली. चाचा एक घास तोंडात घेऊन कितीतरी वेळ चावत राहिले. "पांढरी हाये ना, बाई?" त्यांनी मला विचारलं. पांढरी होती, नुसत्या ज्वारीची. मी हो म्हटलं.

त्या हिवाळ्यात बाजारात इंजिनाची चक्की लागली आणि नहरेचं पाणी वरच्या अंगालाच बागांकडे वळवलं. चाचांना घेऊन जायला याकूब बायकोसह दमणी घेऊन आला. जाण्याआधी चार दिवस चाचा सुनेचा हात धरून घरोघर फिरले आणि ज्याची त्याची दोरी ज्याच्या त्याच्या हातात दिली. "आता तुमची गाठ तुमीच सांभाळा." सरळ दोऱ्या त्यांनी नहरेत उरलेल्या पाण्यात सोडल्या. माझ्या दारात आले तेव्हा मी हात पुढे केला, पण त्यांच्या हातात काही नव्हतं.

"तुमची माह्यापाशी राहू द्या. मी हाये तोवर तुमच्या घराले शेजार हाये."

दमणी परकोटाबाहेर गेली. मी खोलीवर परतले आणि दार लावलं. घरघर थांबल्यावर ती खोली एवढी मोठी आहे हे मला पहिल्यांदाच कळलं. बापलेक भेटले याचा मला खरोखर आनंद होता, आणि त्यात मी मागे एकटी उरले याचं दुःखही तितकंच खरं होतं. याकूबचा मला मत्सर वाटला, तो कशाला लपवू? इंजिनाच्या चक्कीवर डब्यावर नाव खरवडून द्यायचे. मी मात्र पिशवीच न्यायची आणि तिला गाठ मारायची. तिथला माणूस ती कात्रीनं कापायचा. सुटीचे दिवस सरता सरत नसत, म्हणून मी रविवारी मोठ्या बायकांचा वर्ग काढला.

चार वर्षांनी खामगावचं पाकीट आलं. डाकवाला कुरकुरत होता, काय गठूळ घालतात लोक. शिक्क्याखाली पाकीट फाटलं होतं आणि फटीतून दोरी दिसत होती. आत कागद नव्हता. अंबाडीची वीतभर दोरी होती, हाताळून काळपट झालेली. एवढी वर्षं ती कुणीतरी रोज चाचपत असणार. मी हाये तोवर, असं ते म्हणाले होते. म्हणून काय झालं ते मला कळलं. शेजार गेला होता.

मी उंबऱ्यात बसले. याकूबला पाकीट सपाट करता आलं असतं. त्यानं केलं नव्हतं. मी डोळे मिटले आणि दोन्ही अंगठे फिरवले. एकच पदर, स्वतःभोवती फिरून स्वतःतून बाहेर आलेला, ओढून ओढून दगडासारखा घट्ट झालेला. डाकवाला अजून उभाच होता, पण मला त्याची लाज वाटली नाही.

"हे घर मास्तरीणबाईचं," मी मोठ्यानं म्हटलं.